पोट्टं पुढे जाईन का, भाऊ?

यवतमाळात दत्त चौकाच्या आसपास चहाच्या टपरीवर पाच-सात माणसं जमली आणि पाऊस, कापूस नि पुढारी हे तिन्ही विषय संपले, की चौथा ठरलेला असतो. कुठल्या तरी गावच्या कुठल्या तरी मुलानं मैदानावर काहीतरी करून दाखवलेलं असतं. पेपरात फोटो आलेला असतो. मग कोणीतरी कपातला शेवटचा घोट संपवून विचारतो, ‘‘पोट्टं पुढे जाईन का, भाऊ?’’

लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘‘जाईन म्हणजे? लिहून ठेव!’’ दुसरा म्हणतो, ‘‘असे लय पाह्यले.’’ तिसरा एक सर्वज्ञ कायम बाकाच्या टोकाशी बसलेला असतो. ‘‘वशिला पाह्यजे राजेहो,’’ एवढंच बोलून तो गप्प होतो. या वादाची गंमत अशी, की ज्याच्यावरून तो चालतो त्याला कोणी पक्षकार करून घेत नाही, आणि ‘पुढे’ म्हणजे नेमकं कुठवर हेही कोणी आधी ठरवत नाही.

आमच्या जिल्ह्यात माझ्या कानांवर हा वाद सर्वांत जास्त पडला तो पांढरकवड्याच्या अक्षय कर्णेवारवरून. पांढरकवडा म्हणजे केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं कापसाचं गाव. तिथे १९९२ साली जन्मलेला हा मुलगा उजव्या हातानं ऑफस्पिन टाकायचा. पण क्षेत्ररक्षण करताना चेंडू फेकायचा तो डाव्या हातानं. ही गोष्ट प्रशिक्षकाच्या नजरेत भरली. मग याच हातानं गोलंदाजीही का करू नये, असा विचार निघाला आणि मुलगा दोन्ही हातांनी फिरकी टाकू लागला. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईला बोर्ड अध्यक्ष संघाकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो खेळला तेव्हा डावखुऱ्या फलंदाजाला उजव्या हातानं आणि उजव्याला डाव्या हातानं चेंडू टाकताना सगळ्या देशानं त्याला पाहिलं. क्रिकेटच्या नियमाप्रमाणे हात बदलायचा तर आधी पंचाला सांगावं लागतं, आणि पंच ते फलंदाजाला सांगतो. म्हणजे चोरून काही नाही, सगळा मामला सांगून-सवरून.

झालं! टपरीवर गर्दी वाढली. एकाचं म्हणणं, ‘‘दोन हातांचा म्हणजे दोन माणसांचं काम. डबल पगार भेटला पाह्यजे याले.’’ दुसऱ्याचं म्हणणं, दोन दगडांवर पाय ठेवणारा शेवटी पाण्यात. खरं सांगायचं तर दुसऱ्या म्हणण्यात क्रिकेटचं तथ्य आहे. सरावाचे तास तेवढेच असतात. ते दोन हातांत वाटले की प्रत्येक हाताच्या वाट्याला निम्मेच येतात. पण मला महत्त्वाचं वाटलं ते निराळंच, आणि ते एकाही पक्षाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

विदर्भाच्या संघात डावखुरा फिरकी गोलंदाज होता आदित्य सरवटे. ऑफस्पिनर होता अक्षय वखरे. भारताच्या संघात ऑफस्पिनर होता रविचंद्रन अश्विन आणि डावखुरा रवींद्र जडेजा. म्हणजे या मुलानं कुठलाही हात पुढे केला, तरी त्या हाताची खुर्ची घरातही भरलेली आणि दिल्लीतही भरलेली! आता यात मुलाच्या गुणांचा, मेहनतीचा, ‘डोक्यात हवा गेली’ या लाडक्या निदानाचा संबंध काय? अश्विन २०११ साली कसोटी खेळू लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाला. मधल्या तेरा वर्षांत देशभरच्या किती ऑफस्पिनरांची उमेद त्या एका खुर्चीच्या दाराशी बसून राहिली असेल! ते सगळे काही नालायक नव्हते.

बरं, मधल्या काळात कर्णेवारनं काय केलं? फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना होता. विदर्भाच्या पहिल्या डावात खालच्या क्रमांकावर येऊन त्यानं नाबाद ७३ धावा काढल्या. विदर्भाला पहिल्या डावात आघाडी मिळाली ती जेमतेम ५ धावांची, आणि शेवटी सामना जिंकला ७८ धावांनी. ते ७३ वजा करून बघा. लगोलग इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १०२ धावा करून तो सामनावीर ठरला. ज्या विदर्भानं १९५७-५८ पासून साठ वर्षं रणजीत खेळून एकदाही करंडक पाहिला नव्हता, तो विदर्भ लागोपाठ दोन वर्षं विजेता झाला, आणि दुसऱ्या वर्षीच्या विजयात पांढरकवड्याचा असा घसघशीत वाटा होता. याला ‘पुढे जाणं’ म्हणायचं की नाही?

पुढे ८ नोव्हेंबर २०२१ रोजी मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्यानं चार षटकं टाकली : चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. पुरुषांच्या टी-२० सामन्यात तोवर असं कोणी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सिक्कीमविरुद्ध हॅटट्रिकसह ५ धावांत ४ बळी. टपरीवर दोन दिवस जल्लोष, तिसऱ्या दिवशी प्रश्न : ‘‘पण समोर कोण होतं?’’

हा प्रश्न अगदीच गैर नाही. पण आपण तो नेमका कोणाला विचारतो हे पाहण्यासारखं आहे. भारताच्या संघात बसलेल्याला तो सहसा कोणी विचारत नाही. दाराशी उभा असलेल्याला मात्र हमखास विचारतात.

आमच्याकडे हे सगळं क्रिकेटच्या नावानं चालतं, कोल्हापुरात फुटबॉलच्या. तिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं घेतली की कोल्हापूरकराचा आवाज आपोआप चढतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरात चुलत्या-पुतण्याचं जमत नाही म्हणतात. त्या कोल्हापुरातला रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला : अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. त्यानंतर दीड महिन्यानं, तीच पोरं ‘इंडियन ॲरोज’ या नावानं आय-लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध उतरली आणि चेन्नई सिटीला त्यांनी ३-० असं हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे.

दोन गोलांवर पेठेनं केवढा इमला बांधला असेल ते सांगायला नको. नंतर तो जमशेदपूर, हैदराबाद यांसारख्या संघांतून व्यावसायिक फुटबॉल खेळला. पण ज्यानं सतराव्या वर्षी देशाचा शर्ट घातला, त्याच्याकडून मंडळींना दर वर्षी त्याहून मोठं काहीतरी हवं असतं. त्याच एकवीस जणांच्या चमूतले जीक्सन सिंग, सुरेश वांगजम वरिष्ठ भारतीय संघात पोचले. आणि अन्वर अली? अमेरिकेविरुद्ध गोलच्या दांडीवर चेंडू आदळवणारा हा बचावपटू. २०१९ साली त्याला हृदयविकार असल्याचं निघालं. खेळू नको, असं फुटबॉल महासंघानं सांगितलं. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आणि २०२२ मध्ये वरिष्ठ संघातून भारताकडून खेळला. या मुलाबद्दल २०१७ च्या ऑक्टोबरात कुठल्याही टपरीवर, कुठल्याही पेठेत काहीही भाकीत झालं असेल, त्यात हृदय आणि न्यायालय या दोन गोष्टी खचितच नव्हत्या.

विनोद कांबळीचं उदाहरण मराठी माणसाला नवं नाही. १७ कसोटी, सरासरी ५४.२०, शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षी. ‘वाया गेला’ हे दोन शब्द त्याच्या नावाला आडनावासारखे चिकटलेत. त्याच्या वागण्यावर बोलायचं तेवढं बोलून झालंय. मला फक्त एवढंच दिसतं, की ५४ ची सरासरी असलेल्याला आपण वाया गेला म्हणतो, कारण १९८८ साली शाळेच्या सामन्यात ६६४ धावांच्या भागीदारीत पलीकडच्या टोकाला सचिन तेंडुलकर उभा होता. गज कोणता वापरलाय तेही कधी बघावं!

आणि आता कल्याण. ४ आणि ५ जानेवारी २०१६. भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेनं ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ पासून टिकलेला कॉलिन्सचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. हाही रिक्षाचालकाचाच मुलगा. समोरच्या शाळेचे डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले होते, त्यामुळे ‘समोर कोण होतं’ हा प्रश्न इथेही पहिल्याच आठवड्यात निघाला. मुंबई क्रिकेट असोसिएशननं मुलाला दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी दिली. त्यानंतर तो जिथे बॅट घेऊन गेला, तिथे बघणाऱ्यांच्या मनात १००९ हाच आकडा. शंभर केले तरी नऊशे नऊ कमीच!

मुलाची कामगिरी घसरली. २०१७ साली वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिलं : मुलगा चांगला खेळत नाहीये, तेव्हा हे पैसे घेणं बरोबर नाही, शिष्यवृत्ती थांबवावी.

मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज वाचले. मुदत वाढवा, व्याज सोडा, पीक बुडालं, बैल गेला, पोरीचं लग्न आहे, सगळ्या तऱ्हांची पत्रं टेबलावरून गेली आणि त्यातली बहुतेक खरीही होती. ज्या पैशाची परतफेड कोणी मागितलेली नाही, जो कर्ज म्हणून दिलेलाच नाही, तो ‘पीक आलं नाही, पुढचे हप्ते देऊ नका’ म्हणून नाकारणारं पत्र मात्र मी एकदाही पाहिलं नाही. पाच वर्षांची शिष्यवृत्ती जेमतेम दीड वर्ष चालली होती. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता.