हलत्या चित्रांचे साधन कसे निवडावे?

बाभुळगाव तालुक्यातील कोणत्याही शाळेने शिवारफेरी काढली, तर विद्यार्थ्यांना कपाशीचे झाड दाखविण्यासाठी फार चालावे लागत नाही. पाते, फूल, बोंड आणि फुटलेला कापूस या अवस्था मुलांच्या नित्य पाहण्यातील आहेत. परंतु निरोगी दिसणाऱ्या हिरव्या बोंडाच्या आत गुलाबी बोंडअळी काय करीत असते, हे त्यांना दिसत नाही. अंड्यातून निघालेली बारीक अळी बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र पुढे बुजते आणि आत ती सरकी खात राहते. शेतकऱ्याच्या घरातील मुलांना हा विषय नीट कळणे अगत्याचे आहे. तथापि फळ्यावरील एका स्थिर आकृतीने तो पुरता उलगडत नाही. अशा ठिकाणी हलते चित्र, ज्यास आज सर्वत्र अ‍ॅनिमेशन म्हणतात, ते शिक्षकाच्या फार उपयोगी पडते.

अ‍ॅनिमेशनचे मूळ तत्त्व साधे आहे. किंचित फरक असलेली अनेक चित्रे एकापाठोपाठ एक वेगाने दाखविली, म्हणजे डोळ्यांस हालचालीचा भास होतो. महाराष्ट्रास हे तत्त्व नवे नाही. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपली आणि कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर अल्पावधीत घडवून दाखविली. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगकाड्यांना चालते-बोलते केले. त्यांच्यापाशी संगणक नव्हता. काय दाखवावयाचे याची कल्पना मात्र स्पष्ट होती.

नवशिक्या शिक्षकानेही याच क्रमाने जावे. प्रथम पाठ ठरवावा, नंतर साधन शोधावे. बहुधा याच्या उलट घडते. कोणी एखाद्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे नाव सांगतो, ते संगणकावर घेतले जाते, त्यातील शेकडो बटणे पाहून मन गांगरते आणि पंधरवड्यात सारा उत्साह मावळतो. यात दोष शिक्षकाचा नसतो. कामास न जुळणारे हत्यार हाती आलेले असते.

पाठाचा विचार करताना पुढील भेद ध्यानी ठेवावा. जे प्रत्यक्ष पाहता येते, त्यासाठी चित्रफीत करू नये. बेंबळा नदी दाखवावयाची असल्यास मुलांना नदीवरच न्यावे. जे घडते, पण अतिशय सावकाश घडते, त्यासाठी छायाचित्रे घ्यावीत. उदाहरणार्थ, ओल्या कापडावरील तुरीच्या दाण्यास मोड येणे. भ्रमणध्वनी एका जागी पक्का बसवून ठराविक वेळाने एकेक छायाचित्र घेतले की काम होते. यासाठी ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ हे भ्रमणध्वनीवरील सॉफ्टवेअर सोयीचे असून त्याची प्राथमिक आवृत्ती विनामूल्य मिळते. मातीचे प्राणी, कागदी कात्रणे वा चिंचोके सरकवून गोष्ट सांगण्यासही तेच चालते.

जे डोळ्यांआड घडते, ते रेखाटूनच दाखवावे लागते. बोंडअळीचा पाठ या प्रकारचा आहे. हाताने एकेक चित्र काढावयाचे असेल, तर संगणकावरील ‘पेन्सिल-टू-डी’ नवशिक्यास मानवते. ते विनामूल्य व आटोपशीर आहे. त्यात मागील चित्र फिकट दिसत राहते, त्यामुळे पुढील चित्रात किती फरक करावा याचा अंदाज येतो. ‘सिन्फिग’ या दुसऱ्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये आरंभीची व शेवटची स्थिती दिली की मधल्या स्थिती संगणक भरतो; पाण्याचा प्रवाह किंवा ग्रहांचे भ्रमण दाखविण्यास ही सोय बरी पडते.

विद्यार्थ्यांनी स्वतः काही घडवावे असा हेतू असल्यास ‘स्क्रॅच’ घ्यावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ते तयार झाले आणि २००७ साली सर्वांसाठी खुले झाले. ते मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ठोकळे जोडावे तशा सूचना जोडून मूल चित्रास चालविते व बोलविते, आणि त्याबरोबर क्रमाने विचार करण्यास शिकते. एकदा संगणकावर उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटवाचूनही चालते. ‘ब्लेंडर’ हेही विनामूल्य आणि सामर्थ्यवान आहे. पण त्यास चांगल्या शक्तीचा संगणक व दीर्घ अभ्यास लागतो. पहिल्या पायरीस ते घेऊ नये.

वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. सेकंदास १२ चित्रे धरल्यास २० सेकंदांच्या फितीस २४० चित्रे लागतात. एका चित्रास २ मिनिटे लागली, तरी एकूण ८ तास होतात. सेकंदास ६ चित्रे ठेवली तर हालचाल थोडी अडखळते, परंतु पाठ समजण्यास बाध येत नाही आणि श्रम निम्मे होतात. अध्यापन व इतर कामे सांभाळणाऱ्या शिक्षकास ही बचत लहान नव्हे.

साधन पक्के करण्यापूर्वी चार गोष्टी पडताळून पाहाव्यात. शाळेत उपलब्ध असलेल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर ते अडखळता चालते काय? इंटरनेट नसतानाही चालते काय? त्यात ‘विद्यार्थी’, ‘पर्जन्य’, ‘कृषी’ हे शब्द लिहिले असता जोडाक्षरे व रफार शुद्ध उमटतात काय? न उमटल्यास शब्द हाताने लिहून त्याचे छायाचित्र जोडावे. शेवटी, तयार झालेली फीत एमपी-फोर या सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात साठविता येते काय? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. अ‍ॅडोबी कंपनीने ‘फ्लॅश प्लेयर’ला दिलेला आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्या प्रकारातील पुष्कळ शैक्षणिक साहित्य सहजासहजी उघडेनासे झाले. एकाच कंपनीच्या कुलपात ठेवलेले श्रम असे वाया जाऊ शकतात.

दरमहा पैसे भरावे लागणारे सॉफ्टवेअर आरंभी घेण्याचे कारण नाही. विनामूल्य साधनावर दोन-तीन पाठ पुरे झाल्यावर नेमके काय उणे पडते हे आपोआप कळते. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाचे ध्वनिचित्र-पाठ पाहावेत. त्यात सिन्फिग व ब्लेंडर यांचेही पाठ आहेत, आणि अनेक पाठ मराठीसह निरनिराळ्या भारतीय भाषांत ऐकता येतात.

मात्र सर्वांत पहिला धडा संगणकाशिवाय घ्यावा. जुन्या वहीच्या २४ पानांच्या कोपऱ्यांवर मुलांकडून उमलणारे बोंड काढून घ्यावे. प्रत्येक पानावर थोडासाच फरक असावा. पाने अंगठ्याने भरभर सोडली की बोंड उमलताना दिसते. ज्या वर्गास हे जमले, त्यास अ‍ॅनिमेशनचे मर्म कळले असे समजावे. त्यानंतर केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने २० सेकंदांची एकेक फीत आणली, तरी वर्षअखेर केंद्रातील सर्व शाळांना पुरेल असा स्वतःच्या शिवारातील पाठांचा संग्रह सिद्ध होईल.