फणसाड वन्यजीव अभयारण्य

फणसाड वन्यजीव अभयारण्य हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील मुरूड व रोहा तालुक्यांत, किनारपट्टीलगतच्या डोंगराळ प्रदेशात पसरलेले संरक्षित वन आहे. पूर्वी हे जंगल जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचे राखीव शिकारक्षेत्र होते. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि १९८६ मध्ये या वनाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथे वाघाचे वास्तव्य नाही. बिबट्या हा येथील सर्वांत मोठा शिकारी प्राणी होय.

पाणवठे
कोकणात जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो. मात्र तीव्र उतारांवरून बहुतेक पाणी समुद्राकडे वाहून जाते आणि सच्छिद्र जांभ्या खडकात ते फार काळ टिकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात वन्यजीवांची सारी भिस्त मोजक्या पाणवठ्यांवर असते. या पाणवठ्यांना स्थानिक बोलीत ‘गाण’ म्हणतात. ‘फणसाडची गाण’ या पाणवठ्यावरूनच अभयारण्याला हे नाव मिळाले.

वनसंपदा
येथे निमसदाहरित व पानझडी अशी मिश्र वने असून अधूनमधून गवताळ माळ आढळतात. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, कुडा व सावर हे प्रमुख वृक्ष होत. गारंबी ही महाकाय वेल झाडांचा आधार घेत उंच चढते. तिच्या लाकडासारख्या कठीण शेंगा हाताहून लांब वाढू शकतात.

प्राणिजीवन
सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, साळिंदर, वानर इत्यादी प्राणी येथे आढळतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू हे येथील विशेष आकर्षण होय. तो जमिनीवर क्वचितच उतरतो आणि फांद्यांवरून उड्या मारत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. साहजिकच, वृक्षांची सलग छाया तुटली की त्याचा वावर आक्रसतो.

गिधाडे
पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठीही फणसाड महत्त्वाचे आहे. हा पक्षी उंच झाडांवर घरटे बांधतो आणि मादी वर्षातून एकच अंडे घालते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात गेल्यास त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. या कारणाने १९९२ ते २००७ दरम्यान भारतातील या जातीची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. तथापि, प्रजननाचा वेग मंद असल्याने ही हानी भरून येण्यास दीर्घकाळ लागतो. गिधाडे अन्नाच्या शोधात अभयारण्याच्या सीमेबाहेर दूरवर फिरतात. म्हणून येथील घरट्यांचे संरक्षण जितके आवश्यक आहे, तितकीच परिसरातील गोठ्यांत वापरल्या जाणाऱ्या औषधांबाबतची दक्षताही आवश्यक ठरते.

प्रवास
मुंबईहून पेण, वडखळ व अलिबागमार्गे मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून अभयारण्याकडे जाता येते. सुपेगाव येथे प्रवेशद्वार आहे. रोहा हे जवळचे रेल्वे स्थानक होय.