गव्हाशिवाय वाढदिवसाचा केक

वाढदिवस म्हटला की पूर्वी घरात औक्षण व्हायचे, गोडाचा शिरा किंवा खीर व्हायची. आता तालुक्याच्या गावातही केकशिवाय वाढदिवस होत नाही. मुलांना तो आवडतो, आणि वर्षातून एकदा खाल्ल्याने काही बिघडत नाही. मात्र काही मुले अशी आहेत, की त्यांना त्या केकचा एक घासही चालत नाही. त्यांच्याविषयी आज लिहायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी सात वर्षांची एक मुलगी माझ्या दवाखान्यात आली. हातपाय काड्यांसारखे, पोट पुढे आलेले, चेहरा पांढुरका. जंताचे औषध झाले होते, लोहाच्या बाटल्या संपल्या होत्या, तरी रक्त वाढत नव्हते आणि उंची वर्षभर तेवढीच होती. तपासणीअंती निदान झाले ते सीलिअ‍ॅक या आजाराचे.

हा आजार काय आहे?

गहू, जव म्हणजे सातू, आणि राय नावाचे परदेशी धान्य यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, तो याच्यामुळे. काही व्यक्तींच्या शरीरात जन्मतः अशी प्रवृत्ती असते, की ग्लुटेन पोटात गेले की त्यांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील मखमलीसारखे अंकुर झिजून सपाट होतात. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणे, न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. काही मुलांत फक्त रक्तक्षय किंवा ठेंगणेपणा एवढेच दिसते.

याचा शोध मोठा बोलका आहे. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय होताच. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, आणि या आजाराची मुले चक्क सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा बिघडली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात हे मांडले.

आपल्याकडे उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळतो. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला असेल, तर इतरांचीही तपासणी करावी. टीटीजी नावाची रक्ततपासणी आणि गरज वाटल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन निदान होते. येथे एक सूचना: तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर तपासणी फसवी येते. तसेच ज्यांना हा त्रास नाही, त्यांनी कोणाचे ऐकून गहू सोडण्याचे कारण नाही.

औषध एकच

यावर गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच उपचार. सुदैवाने ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा आणि सर्व डाळी चालतात, आणि यांतली बरीच धान्ये आपल्या रोजच्या जेवणातलीच. खपली गहू मात्र चालत नाही, तोही गहूच. मैदा, रवा, शेवया, बिस्किटे, माल्ट घातलेली दुधातली पावडर ही वर्ज्य. डब्यातील हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते.

या मुलीने भाकरी आनंदाने स्वीकारली. सहा महिन्यांत वजन वाढले, गाल भरले. पण तिची आई एकदा म्हणाली, "डॉक्टरबाई, घरचं सगळं जमवलंय हो. पण कुणाच्या वाढदिवसाला गेली की सगळ्यांच्या हातात केक आणि हिच्या हातात वेफर्सची पुडी. आता ती जायलाच नको म्हणते." मध्यंतरी एका घरी आजींनी मायेने "एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय" म्हणून केक भरवला होता. रात्रभर उलट्या झाल्या. उलटी झाली नसती तरी आतड्याला इजा झालीच असती. अशी मुले मोठी झाली की सर्वांसारखे दिसावे म्हणून चोरून खातात आणि उपचार मोडतो. म्हणून या केकचा प्रश्न मी औषधाइतकाच महत्त्वाचा मानते. पुढील कृती मी घरी अनेकदा केली आहे.

बारा लहान चॉकलेट केक

साहित्य: तांदळाची बारीक पिठी ८० ग्रॅम, नाचणीचे पीठ ४० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ४० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, दूध १५० मिलिलिटर, तेल ८० मिलिलिटर, अंडी २, बेकिंग पावडर १ लहान चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला इसेन्स.

कृती: दोन्ही पिठे कोमट दुधात कालवून अर्धा तास झाकून ठेवा. पिठी भिजली नाही तर केक दाताखाली कचकचतो. अंडी व साखर फेस येईपर्यंत फेटा. ग्लुटेनचा चिवटपणा नसल्याने केकला उभे राहायला अंड्यांचाच आधार असतो. त्यात तेल, इसेन्स आणि भिजलेले पीठ घाला. शेवटी कोको, बेकिंग पावडर, सोडा व मीठ चाळून मिसळा. कागदी वाट्या पाऊण भरा. ओव्हनमध्ये १८० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून ती झाकण घालून तापवा, आणि मंद आचेवर अंदाजे अर्धा तास ठेवा. सुई टोचून कोरडी निघाली की झाले. अंडी नको असल्यास १०० ग्रॅम दही घ्या व दूध थोडे कमी करा. केक जरा बसका होतो, चव छान राहते.

पथ्य सांभाळताना

गिरणीत गव्हाचे पीठ उडत असते, म्हणून तांदूळ व नाचणी स्वच्छ करून घरी मिक्सरवर दळा व वस्त्रगाळ करा. कणकेची चाळणी वापरू नका, तिच्या जाळीत पीठ अडकून राहते. बेकिंग पावडर आणि कोको घेताना वेष्टन वाचा. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. यावरून किती थोडे पीठ पुरते ते लक्षात येईल.

आणि महत्त्वाचे म्हणजे, असा केक त्या एकट्या मुलासाठी वेगळा करू नका, सगळ्यांसाठी हाच करा. दोन प्रकारचे केक एका ताटात आले की चुरा मिसळतो, सुरी एकच वापरली जाते आणि मुलेही एकमेकांच्या बशीत हात घालतात. शिवाय एकाच प्रकारचा केक असला की कोणाची बशी वेगळी दिसत नाही. तांदूळ-नाचणीचा आहे हे सांगितल्याशिवाय मुलांना कळतही नाही, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या वेळी वाढदिवसाचे बोलावणे करताना, भेटवस्तू आणू नका म्हणण्याबरोबर आणखी एक वाक्य बोला: "मुलाला काही खायचं वर्ज्य आहे का?" आई-वडील सांगायला संकोचतात, विचारले की मोकळेपणाने सांगतात.