रुपयाचा विमा, तिजोरीचा तोटा

‘बोगस अर्ज झाले तरी बुडेल ती विमा कंपनी, आपलं काय गेलं?’ पीकविम्याचा विषय निघाला की धाराशिव जिल्ह्यातल्या तेर परिसरातही असं सहज बोललं जातं. सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच.

खरीप 2023 पासून शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा आणि उरलेला हप्ता राज्य व केंद्र सरकारनं, अशी योजना होती. कंपन्यांशी व्यवहार 80:110 सूत्रानं. भरपाई जमा हप्त्याच्या 80 टक्क्यांखाली राहिली, तर कंपनीनं जास्तीत जास्त 20 टक्के ठेवून बाकीचे पैसे राज्याला परत करायचे. ती 110 टक्क्यांवर गेली, तर वरचा भार राज्याचा. मधल्या टप्प्यात कंपनीला झळ बसते, हे खरं. पण दोन्ही टोकांना जातो तो तिजोरीचा पैसा. शिवाय महसूल मंडळातल्या पेऱ्यापेक्षा विम्याचं क्षेत्र जास्त दिसलं, तर भरपाई त्या प्रमाणात कापण्याची तरतूद केंद्राच्या नियमावलीत आहे. म्हणजे खऱ्या सोयाबीनवाल्याच्या पदरातलंही जातं.

‘शेतकऱ्यांनीच केलं,’ हा दुसरा गैरसमज. खरीप 2024 मध्ये राज्यात चार लाखांवर अर्ज रद्द झाले. त्यांत सरकारी आणि बिगरशेती जमिनींवर भरलेला विमा होता. हे अर्ज भरणाऱ्या सीएससी (सामायिक सेवा) केंद्रांना अर्जामागे 40 रुपये मिळत. याच धाराशिवच्या शेतकऱ्यांना खरीप 2020 च्या सोयाबीन भरपाईसाठी औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढावी लागली; 72 तासांत नुकसान कळवलं नाही, हे कंपनीचं कारण. खऱ्या नुकसानीला तासांचा हिशेब आणि सरकारी गायरानाच्या विम्याला साधी सातबाऱ्याची पडताळणीही आधी नाही, याचा राग येतो.

‘अर्ज रद्द झाला, विषय संपला.’ नाही. रद्द करणं ही कार्यालयीन कारवाई. खोट्या कागदांवर सरकारी पैसा मागणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी कुणीतरी ठाण्यात फिर्याद द्यावी लागते. कोणत्या आयडीवरून किती अर्ज गेले, भरपाईसाठी कुणाचं खातं जोडलं, याच्या नोंदी संगणकात असतात. तपास तिथून सुरू व्हायला हवा.

‘लाचलुचपतवाले बघतील,’ असंही म्हणतात. त्यांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांत बहुतांश सापळेच असतात. 2018 च्या दुरुस्तीनं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात आलेल्या कलम 17अ नुसार अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायला पूर्वपरवानगी लागते; लाच घेताना रंगेहाथ पकडायला लागत नाही. म्हणून लाच घेणारा तलाठी लवकर सापडतो आणि कागदावरची लूट मागे राहते.

खरीप 2025 पासून रुपयाची योजना बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकरी स्वतः भरतो. शेतकरी ओळख क्रमांक काढावा लागतो आणि ई-पीक पाहणीही त्यालाच करावी लागते.