सहायक म्हणजे किती सहायक? जबड्याचं दुखणं आणि चुंबकीय स्पंदनं

कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडून मिटा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकतं आणि परत मागे जातं, तो जबड्याचा सांधा. दवाखान्यात त्याला 'टीएमजे' म्हणतात. बोलताना, चावताना, जांभई देताना, एवढंच काय, आवंढा गिळतानाही तो कामावर असतो.

गंमत म्हणजे हा सांधा एकाच वेळी दोन कामं करतो. दाराच्या बिजागरीसारखा फिरतो आणि कपाटाच्या खणासारखा पुढे सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक लहानशी मऊ चकती असते, ती हाडाबरोबर सरकते. ही चकती जागेवरून थोडी हलली की तोंड उघडताना 'टक्' असा आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर सहसा काही करावं लागत नाही. पण कधी सांध्याला सूज येते, कधी गालाचे आणि कानशिलाचे स्नायू आखडतात. मग भाकरीचा तुकडा मोडतानाही कळ कानात जाते. तोंड पुरतं उघडत नाही. साधारणपणे आपल्याच हाताची तीन बोटं उभी तोंडात मावली पाहिजेत, तिथे दोनही मावत नाहीत. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो, आणि तोही बऱ्याचदा ऐन कामाच्या वयात.

पत्रकातला एक शब्द

साहित्याची विद्यार्थिनी हे सगळं का लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. माझी मावशी शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गाते, म्हणजे तिचा जबडा हेच तिचं हत्यार. गेले काही महिने तो दुखतोय. एका उपचारकेंद्राने तिला इंग्रजी पत्रक दिलं आणि बऱ्याच बैठकींचा खर्च आगाऊ भरायला सांगितला. "तू दोन्ही भाषा शिकतेस ना, मला नीट मराठीत सांग बघू," असं म्हणून तिने ते माझ्या हातात ठेवलं.

पत्रकात उपचाराचं नाव मोठ्या अक्षरात होतं: पीईएमएफ, म्हणजे स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्राचा उपचार. त्याखाली बारीक अक्षरात एक विशेषण होतं, त्याचं मराठी मी 'सहायक' असं केलं. शाळेच्या व्याकरणात आपण सहायक क्रियापद शिकलो होतो. 'मुलं अंगणात खेळू लागली' या वाक्यात अर्थाचा भार 'खेळू' वाहतो आणि 'लागली' त्याच्या मदतीला येतं. 'खेळू' काढून टाका आणि नुसतं 'मुलं अंगणात लागली' म्हणून बघा, काही अर्थबोध होतो का? उपचाराचंही तसंच आहे. एखादा उपचार सहायक असेल, तर पहिला प्रश्न हा की मुख्य उपचार कुठला?

हे स्पंदन करतं काय?

यामागचं भौतिकशास्त्र जुनं आहे आणि पक्कं आहे. मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखवून दिलं की बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. आपलं शरीर खारट पाण्याने भरलेलं, म्हणजे वाहकच. तारेच्या वेटोळ्यातून वीज थांबून थांबून सोडली की प्रत्येक ठोक्याला आतल्या पेशींभोवती अतिशय सूक्ष्म प्रवाह तयार होतो. वेटोळं गालापाशी धरतात. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ना झटका, ना चटका. इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा: चुंबकाचं ब्रेसलेट किंवा पट्टा म्हणजे हा उपचार नव्हे. त्याचं क्षेत्र स्थिर असतं, त्यामुळे ते नुसतं अंगावर असून वीज निर्माण होत नाही.

वैद्यकात ही कल्पना हाडांच्या वाटेने आली. जपानमध्ये फुकाडा आणि यासुदा यांनी 1957 साली दाखवलं की हाडावर दाब पडला की त्यात विद्युतभार तयार होतो. मग वीज बाहेरून दिली तर हाड जुळेल का? न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू बॅसेट यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि न जुळणाऱ्या अस्थिभंगासाठी अशा उपकरणाला 1979 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याची मान्यता मिळाली. पुढे प्रयोगशाळेतल्या पेशींवर असंही दिसलं की ही स्पंदनं दाह आवरणाऱ्या काही यंत्रणांना चालना देऊ शकतात. म्हणजे दुखऱ्या सांध्यावर ती वापरून पाहण्यामागचा विचार हवेतला नाही.

जबड्यावर पुरावा काय सांगतो?

पण विचार बरोबर असणं वेगळं आणि रुग्णाला गुण येणं वेगळं. 2004 साली जर्मनीतल्या संशोधकांनी अनेक केंद्रांवर मिळून एक चाचणी केली. काही रुग्णांना खरी स्पंदनं दिली, काहींना तसंच दिसणारं पण बंद असलेलं यंत्र लावलं, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णांना सांगितलं नाही. स्पंदनांचा म्हणून वेगळा असा फायदा त्यात सिद्ध झाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत, याच घराण्यातल्या स्पंदित रेडिओलहरींच्या एका छोट्या अभ्यासात मात्र वेदना कमी झाली आणि तोंड जास्त उघडू लागलं. थोडक्यात, आशा ठेवायला जागा आहे, हमी द्यायला नाही.

बंद यंत्राशी तुलना कशाला, असं मावशीने विचारलं. त्याचं उत्तर 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आहे. जबडा दुखणाऱ्या 25 जणांचे दात घासून चावा जुळवण्याचं डॉक्टरांनी निव्वळ नाटक केलं, प्रत्यक्षात काहीच घासलं नाही. तरी 16 जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण थांबलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. जबड्याचं दुखणं मुळात कमी-जास्त होत राहतं, पुष्कळदा आपोआप ओसरतं. त्यात कोणीतरी मनापासून लक्ष दिलं की ताण सैल होतो. म्हणून 'मला बरं वाटलं' हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही यंत्राचा पुरावा ठरत नाही.

मग मुख्य क्रियापद कुठलं?

ते साधंच आहे. जुनाट जबडेदुखीबद्दल 2023 साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनी जोर दिला तो जाणकाराच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम आणि ताण, हाताने केलेले फिजिओथेरपीचे उपचार, घरी करायचे व्यायाम, दुखण्याची नीट माहिती आणि मनाचा ताण हाताळायला शिकवणाऱ्या समुपदेशनावर. जोडीला काही दिवस मऊ खाणं. आमटीत कुस्करलेला भात चालतो, आणि बेळगावात राहून कुंदा मऊ पदार्थांत मोडतो हे भाग्यच म्हणायचं! गरम पाण्याचा शेक, मोठी जांभई आली तर हनुवटीला हाताचा आधार, च्युइंगमला सुट्टी.

हे सगळं चालू असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने कोणी पीईएमएफ घेत असेल, तर त्यात वावगं काही नाही. शरीरात पेसमेकर किंवा तसं विद्युत उपकरण असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर मात्र ते टाळायला सांगतात. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: नेमकं निदान काय, स्नायू की सांधा? याच्याबरोबर व्यायाम कोण शिकवणार? आणि किती बैठकींनंतर फरक पडला नाही तर थांबायचं? मावशीने हे तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला उत्तर मिळालं नाही, म्हणून तिने आगाऊ पैसे भरले नाहीत. सध्या ती फिजिओथेरपिस्टकडे जबड्याचे व्यायाम शिकतेय.

आता आपल्याबद्दल. परीक्षा जवळ आली की वाचता वाचता आपण नकळत दातावर दात दाबून बसतो, काहीजण तर झोपेतही दात खातात. आत्ता हे वाचताना तुमचे दात एकमेकांना टेकलेत का बघा. टेकले असतील तर सोडा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला अलगद टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची जागा. दिवसातून आठवेल तेव्हा तिथे परत यायचं. याला पैसे पडत नाहीत.