उधाणाची यादी आणि चिखलाचा गोळा

मुंबईच्या पावसाळी उधाणांची यादी यंदाही छापून आली. तिच्यात 'साडेचार मीटरची लाट' म्हणतात ती लाट नसतेच, ती भरतीच्या पाण्याची पातळी असते; पण मथळ्याला लाटच शोभते. समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच असलेल्या आमच्या पुण्याजवळच्या वाघोलीत पाण्याची चर्चा म्हणजे टँकरची. तरी सोसायटीतल्या एका काकांनी यादी बघून हात झटकला. "कालनिर्णय बघ की, अवस-पुनव त्यात आहेच."

काका अलिबागजवळच्या खारेपाटातले. त्यांना मी बंगळुरूच्या सीस्टेप संस्थेचा 2024 चा आकडा सांगितला: 1987 ते 2021 या काळात मुंबईजवळ समुद्र 4.44 सेंटीमीटर चढला. त्यांनी बोटं मोजली. अडीच. मग गॅलरीतल्या कुंडीतली माती भिजवून, पेंढ्याऐवजी झाडूचे तुकडे घालून, त्यांनी फरशीवर वीतभर बांध घातला. गावी बांध घालताना चिखलाचा गोळा हातोहात पुढे जायचा, म्हणाले. ज्याची जमीन जास्त त्याची माणसं जास्त. या सामायिक जबाबदारीला तिथे जोळ म्हणतात. मातीचा काठा, म्हणजे बांध, दर वर्षी खचतो, म्हणून दर वर्षी त्यावर भर घालायची. भरतीत मिटणारी आणि ओहोटीत शेतातलं पाणी बाहेर सोडणारी उघाडी सांभाळायची. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की रात्र बघायची नाही, कारण शेतात एकदा खारं पाणी शिरलं की मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात.

मला यात सगळ्या अहवालांपेक्षा मोठी गोष्ट दिसते. समुद्र चढतो तसा चढवता येणारा बांध आपल्याकडे होता. आता समुद्र अडवायला घालतात त्या दगडी भिंतीची उंची मात्र निविदेच्या कागदावर ठरते आणि तिथेच राहते. शिवाय एका गावापुढे भिंत घातली की धूप अनेकदा शेजारच्या किनाऱ्यावर सरकते. खाणी आणि क्रशरच्या गावात राहून दगडाविरुद्ध लिहितोय, हे मान्य. आणि वस्ती लाटांच्या तोंडावर असेल तिथे दगड लागतोच; पण खाडीकाठी तोच तोडगा कशाला?

1948 च्या खारभूमी कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारकडे सरकू लागली, 1979 ला नवा कायदा आला. हेतू चांगला होता. हळूहळू बांध सरकारचा आणि शेत आपलं अशी वाटणी झाली. पुढे आणखी एक पेच. बुजवायची राहिलेली खांड म्हणजे शेतात कांदळवन. उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानंतर कांदळवनाला हात लावणं सोपं नाही, आणि नसावंही. लाटांचा जोर तेच मोडतं. पण त्यामुळे कालचं भातशेत आज परवानगीचा विषय होतं. माझ्या मते बांधाचा पैसा थेट गावच्या जोळीकडे द्यावा, बाहेर कांदळ आणि आत भात ही रेघ गावाबरोबर बसून आखावी, आणि जे शेत आता राखणं शक्य नाही त्याची भरपाई आधीच ठरवावी.

कुंडीच्या मातीचा तो बांध दुसऱ्या दिवशी सुकून बोटभर खाली बसला होता. काका फोनवर होते. गावी उघाडीची झडप गळतेय, अर्ज देऊन महिना झाला, पुनव सहा दिवसांवर आहे. त्यांनी मुलाला शनिवारचं पनवेलपर्यंतचं तिकीट काढायला सांगितलं.