'पानी' म्हणणारी मुलं

आमच्या गोंदियात घरोघरी हिंदी, पोवारी, झाडीबोली कानावर पडते. बालवर्गातला एक चिमुरडा 'पानी' म्हणाला. मी चारचौघांत टोकलं, मुलं हसली आणि तो आठवडाभर बोललाच नाही. चूक माझीच!

मग लक्षात आलं, अक्षराआधी त्याचा आवाज कानात बसायला हवा. 'ण' आणि 'ळ' मराठी शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत. तक्त्यावरही 'बाणातला ण', 'बाळातला ळ'च असतो. म्हणून शब्दाचा शेवट ऐकवायचा. वेल-वेळ, गाल-गाळ, मन-मण अशा जोड्या सावकाश म्हणा. ण किंवा ळ ऐकू आला की मुलानं वाटीत खडा टाकायचा. नंतर आरशासमोर जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायला शिकवा. रोज पाचच मिनिटं. गिरवणं त्यानंतर.

महागडी साधनं नकोतच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला भोवतालच्या वस्तूंतूनच बालवाडी फुलवली.

आणि मैत्रिणींनो, 'पानी' ही चूक नव्हे, ती त्याच्या आईची बोली. माझा चिमुरडा आता शाळेत 'पाणी' मागतो, घरी 'पानी'. दोन्हीनं तहान भागतेच ना!